मागचा उजवा स्पीकर

सकाळी साडेनऊला सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या वीरभद्रप्पांच्या दुकानात सरोजिनी काळी चिकटपट्टी घ्यायला शिरली, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर तिचाच कालचा सामना तिला मुका चाललेला दिसला. राज्य कबड्डी स्पर्धेतल्या मुलींच्या उपांत्य फेरीचं पुनःप्रक्षेपण होतं ते. पोरी धावत होत्या, पडत होत्या, पंचांच्या गालांवरून शिट्टी वाजल्याचं कळत होतं, पण ऐकू येत होता तो फक्त दुकानातला पंखा आणि बाहेरच्या रिक्षा. काल त्या सामन्याचा एकूण एक आवाज तिच्या दहा बोटांखालून गेला होता. साठीच्या वीरभद्रप्पांनी चिकटपट्टी शोधता शोधता पडद्याकडे एक नजर टाकली आणि ते पुन्हा खणात वाकले.

"आवाज बिघडलाय का टीव्हीचा?" तिनं विचारलं.

"न्हाय की. मीच बंद केलाय."

"का बरं?"

"काल मी तितं हुतो बाई, हॉलमदी. निम्म्या खुर्च्या मोकळ्या. आन टीव्हीत बघतोय तर लाखभर मानूस वरडायलंय." त्यांनी पट्टीची दोन भेंडोळी काउंटरवर ठेवली. "बरं, वरडनं बी आपल्या हिकडचं न्हाय. आमी काय असं ओओओ करतो व्हय?"

"मग कसं करता?"

वीरभद्रप्पांनी प्रश्न मनावर घेतला. हात थांबवून थोडा विचार केला. "तसं सांगता येत न्हाय. पन ते आमचं न्हाय. आपल्या घरात आपन शिरावं आन आत दुसरंच कोन तर बोलत बसल्यालं असावं, तसं वाटतंय. दोनच देऊ का आनी एक?"

आपण कोण आहोत हे तिनं सांगितलं नाही. दोनच पट्ट्या घेतल्या आणि ती रस्त्यावर आली. उन्हात उभी राहिली. रिक्षा थांबवायला वर केलेला हात तसाच राहिला आणि दोन रिक्षा निघून गेल्या.

तो आवाज तिचा होता. म्हणजे तिनं जमवलेला. महामारीच्या वर्षी मैदानं रिकामी पडली, खेळ मात्र थांबून चालणार नव्हते, तेव्हा मुंबईच्या स्टुडिओत चार महिने बसून तिनं गेल्या कित्येक वर्षांच्या सामन्यांतून माणसांचं ओरडणं वेचून काढलं होतं. टाळ्या वेगळ्या, उसासे वेगळे, थोडक्यात हुकल्यावरचा हळहळीचा सूर वेगळा, जिंकल्यावरचा जल्लोष सात प्रतींचा. अकरा शहरांतली माणसं. त्यातलं खोकणं, शिव्या, नावं घेऊन मारलेल्या हाका सगळं तिनं कापून टाकलं, म्हणजे ते कुठंही चिकटवता यावं. एकेका बटणाला एकेक भावना. सगळे त्याला पब्लिकचा डबा म्हणत. महामारी गेली, माणसं परत आली, डबा राहिला. अर्धी भरलेली मैदानं त्यानं पुरी भरत, आणि ते काम सरोजिनीइतकं बेमालूम कोणाला जमत नसे. तिचं नाव झालं ते डब्यामुळे. अडतिसाव्या वर्षी ती प्रक्षेपणाच्या गाडीत मुख्य खुर्चीवर बसली ती डब्यामुळे. आणि आता तिच्या ध्यानात आलं, की अकरा शहरांची नावं ती एका दमात सांगू शकते आणि त्यांत सोलापूर नाही. जवळच्याच वळसंगला वाढलेल्या, अक्कलकोट रोडच्या धुळीतून शाळेत गेलेल्या बाईनं आपल्या गावाचा आवाज घेतलाच नव्हता. काल त्याच गावाच्या तोंडावर तिनं परक्यांचं ओरडणं बांधलं होतं, आणि हे एका दुकानदाराला दुकानात बसल्या बसल्या कळलं होतं. गाडीतल्या सात जणांपैकी कोणाला कळलं नव्हतं. तिलासुद्धा नाही.

स्टेडियमच्या मागे गाडी उभी होती. लांब, पांढरी, बिनखिडक्यांची. आत तिच्या खोलीत तिच्या खुर्चीभोवती सहा स्पीकर. समोर तीन, पाठीमागे दोन, आणि पायाशी एक जाडा, छातीत धडकणाऱ्या आवाजाचा. ज्यांच्या घरी तशी सोय असते त्यांच्यासाठी सामना असा चारी अंगांनी वाजे. मधल्यातून समालोचक, समोरच्या दोहोंतून खेळ, मागच्या दोहोंतून लोक. ती खुर्चीत बसली, आणि आपण काल इथं बसून नेमकं काय ऐकत होतो हे तिला आठवेना. जाडी ऐकत होतो, असं तिला वाटलं. भिंत नीट जाड झाली का, एवढंच.

असं बसलं की तिला हटकून अक्कलकोट रोडची ती शेड आठवे. ती नऊ वर्षांची होती. सुट्टीच्या दिवसांत वडिलांचा, आप्पांचा, जेवणाचा डबा घेऊन वळसंगहून एसटीनं यायची. शेडमध्ये चोवीस माग, टॉवेलचे. दारात पाय ठेवला की आवाज कानांतून शिरत नसे, तळपायातून वर चढे. सुरुवातीला तिला त्यात एकच एक गडगडाट ऐकू येई आणि रडू फुटे. एकदा आप्पांनी तिला दोन रांगांच्या मधोमध उभी केली, स्वतः पाठमोरे झाले, आणि जेवणाचा डबा उघडता उघडता मागं न बघता म्हणाले, "मागं, उजव्या अंगाला, तिसरा माग. धागा तुटला बघ." ती पळत जाऊन बघून आली. तुटला होता. कसं कळलं, तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं. आप्पांनी बोटं चाटली आणि ते तिच्या कानात ओरडले, "समदा आवाज ऐकायचा न्हाय. भोक कुटं पडलंय तेवढं ऐकायचं." एकतीस वर्षं मागावर काढून आप्पांचे कान गेले. आता वळसंगच्या ओसरीवर बसून ते माणसांच्या ओठांकडे बघतात. पण ही भोकं ऐकण्याची विद्या त्यांनी कान जायच्या आधी दिली होती, आणि पुढं ध्वनीच्या शिक्षणात लोकांनी जे आकृत्या काढून शिकवलं ते तिला आधीच येत होतं. मग कधीतरी तिनं भोकं ऐकायचं सोडून ती बुजवायला सुरुवात केली. कधी, ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. चांगलं नाव होत होतं त्या दिवसांत.

दुपारी दोनला दिग्दर्शक इंद्रजीत आला. साताऱ्याकडचा, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, घाईतही नीट बोलणारा माणूस. तिनं त्याला सरळच सांगितलं.

"आज डबा लावणार नाही."

"काय झालं? बिघडलाय?"

"नाही. हॉलमधलाच आवाज घेणार आहे."

इंद्रजीत कॉफी घेऊन आला होता, ती त्यानं टेबलावर ठेवली. "सरोजिनीताई, काल निम्मा हॉल रिकामा होता. आज अंतिम सामना आहे. मुंबईच्या चॅनेलवाल्यांना भरलेला हॉल पाहिजे."

"आज लोक येतील. आपल्या जिल्ह्याचा संघ आहे, कारखान्यांना सुट्टी आहे."

"आणि नाही आले तर?"

"तर रिकाम्या हॉलचा आवाज येईल."

तो हसला नाही. "पुढच्या हंगामाची माणसं ते याच आठवड्यात ठरवतायत. तुमचं नाव मी वर लिहिलंय. डबा तुमचा आहे म्हणूनच लिहिलंय, हे तुम्हालाही माहीत आहे. सामना पोकळ वाजला तर मला तुमची बाजू घेता येणार नाही."

"घेऊ नका," ती म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेले. पुण्यातल्या फ्लॅटचा जिना, शाळेतली मुलगी सई, दर हंगामाआधी येणारा तो फोन, सगळं मग तिच्या मनात एकदम येऊन गेलं. इंद्रजीतनं कॉफी पुन्हा उचलली आणि तो म्हणाला, "डबा लावलेला राहू द्या. उघडायचा की नाही ते सुरू झाल्यावर बघू."

एवढी सवलत तिला पुरली. तिनं धनाजीला बोलावलं. धनाजी पन्नाशीचा, बार्शीचा, वायरी ओढण्यात केस पांढरे झालेला माणूस. दोघांनी मिळून कालचे माइक उतरवले. चार लांब नळीचे माइक मैदानाच्या चार कोपऱ्यांवर पोरींच्या तोंडांकडे रोखले, चटईच्या कडेला चपटे माइक काळ्या पट्टीनं चिकटवले, आणि प्रेक्षकांवरचे सहा माइक छतालगतून खाली, माणसांच्या डोक्यांच्या हातभर वर आणले. वर टांगले की लोक म्हणजे समुद्र होतो. खाली आणले की माणसं होतात. शेवटी तिनं गाडीतल्या तिच्या टेबलावर एक लहानसा साधा टीव्ही ठेवून घेतला. सहा स्पीकर थोड्यांकडे असतात, हा सगळ्यांकडे असतो. आज दोन्हींकडे कान ठेवायचा, असं तिनं ठरवलं.

पाच वाजता प्रक्षेपण सुरू झालं. सोलापूर विरुद्ध पुणे. लोक आले होते, कालच्यापेक्षा पुष्कळ, पण अजून येतच होते, आणि तिच्या सहा स्पीकरमधून आलं ते खुर्च्या सरकवणं, एका बाळाचं रडणं, कोणाचा तरी फोन, जिन्यावरच्या चपला. डब्याच्या सवयीच्या कानांना हे उघडं वाटत होतं, अंगावर कपडे नसल्यासारखं. पहिली पाच मिनिटं संपली. पुण्याला सहा गुण, सोलापूरला दोन. इंद्रजीतचा आवाज तिच्या कानातल्या यंत्रात आला. "हॉल मेलाय, ताई. डबा उघडा."

तिचं बोट बटणावरच होतं. दाबलं असतं तर एका क्षणात अकरा शहरं मागच्या दोन स्पीकरांतून उभी राहिली असती. मुंबईतलं कोणीतरी खुर्चीत सैल झालं असतं.

"पाच मिनिटं द्या," ती म्हणाली.

"तीन."

तिनं डोळे मिटले. समोर डावीकडे, ठीक. समोर उजवीकडे, ठीक. मागे डावीकडे पुण्याची पोरं एका तालात टाळ्या देत होती. मागे उजवीकडे काहीच नव्हतं. शांतता नव्हे, काहीच नाही. चोविसांतला एक माग थांबला की जसं वाटे, तसं. तिनं डोळे उघडून रुंद कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं. उजव्या बाजूला, गॅलरीच्या खाली, काल जिथं एकही माणूस नव्हता तिथं दीडएकशे बायका बसल्या होत्या. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतल्या असाव्यात, टेम्पो करून आलेल्या, पदर खोचलेल्या, कोणाच्या मांडीवर मूल. त्यांची तोंडं हलत होती. त्या ओरडत होत्या, आणि वरची गॅलरी त्यांचा आवाज खाऊन टाकत होती. सहापैकी एकही माइक त्यांच्याकडे नव्हता.

"धनाजी," ती म्हणाली, "सहा नंबरचा माइक काढा आणि गॅलरीखाली न्या, त्या बायकांत. चालू सामन्यातच."

"कॅमेऱ्यात येईन की मी."

"भिंतीला धरून, वाकून."

धनाजी वाकून निघाला. ती त्याला चित्रात शोधत होती, तो कुठंच दिसत नव्हता, म्हणजे नीट चालला होता. टेबलावरच्या सहा नंबरच्या आवाजाच्या पट्टीवर कापडाची खसफस आली, धाप आली, मग एक बाई अगदी जवळून म्हणाली, "अगं बया, हे काय आनलंय?" आणि सगळं चिडीचूप.

"काय झालं, धनाजी?"

"बाई, माइक बघून गप झाल्या. लाजायल्यात समद्या."

इंद्रजीत म्हणाला, "ताई, तीन मिनिटं झाली."

त्याच वेळी सोलापूरची आरोही चढाईला निघाली. मंद्रूपची पोर, एकोणीस वर्षांची, काटक, मध्यरेषेवर पाय ठेवताना मान किंचित तिरकी करणारी. सरोजिनीनं कोपऱ्यातल्या माइकचा आवाज चढवला आणि तिचा श्वास समोर आणला. कबड्डी कबड्डी कबड्डी, प्रत्येक शब्दाला जमिनीचा धक्का बसलेला. पुण्याच्या चौघींनी साखळी आवळली, आरोही कोपऱ्यात सापडली, आणि मागच्या उजव्या स्पीकरमधून एक बाई माइक विसरून तेलुगूत ओरडली, "वेनक्कि रा गं, वेनक्कि रा!" लगेच दुसरी मराठीत, "आगं मागं फिर की!" तिसरी कन्नडात काहीतरी, आणि मग सगळ्याच. आरोही दोन पोरींच्या हातांखालून निसटून रेषेवर पडली. बायकांचा आवाज जल्लोष नव्हता. शेडमधून सुटून घरी जाणाऱ्या बायका हमरस्त्यावर एकमेकींना ज्या पट्टीत हाका मारतात, त्या पट्टीतला तो होता. तीन भाषांचा, फाटका, नावानिशी. सरोजिनीनं सहा नंबरची पट्टी हळूहळू वर नेली आणि टेबलावरच्या छोट्या टीव्हीकडे कान वळवला. त्या दोन इंची स्पीकरमधूनही बाई कळत होती, वाक्य कळत होतं.

इंद्रजीत परत डब्याचं बोलला नाही.

पुढचा अर्धा तास ती कुठं होती ते तिला नंतर सांगता आलं नाही. हात चालत होते. मध्यंतरानंतर हॉल भरला, जिने भरले, आणि आवाजाला जागा फुटल्या. डावीकडे मागे पुण्याच्या टाळ्या, उजवीकडे समोर शाळकरी पोरींचा घोष, त्यांच्यामागं दख्खनीत पंचांशी वाद घालणारा एक माणूस, आणि मागे उजवीकडे त्या बायका. तिला एकेक जण वेगळा ऐकू येत होता आणि सगळे मिळूनही. इतक्या वर्षांत हे तिच्या हातून झालं नव्हतं. घाम पुसायला हात उचलावा असंही तिला वाटेना. आपण हसतो आहोत हे गाल दुखू लागले तेव्हा कळलं.

शेवटची चढाई. पुणे अठ्ठावीस, सोलापूर सत्तावीस, घड्याळात अठ्ठावीस सेकंद. आरोही रेषेपाशी आली आणि हॉल आपोआप गप्प झाला. कोणी सांगितलं नव्हतं. डब्यात अशा वेळेसाठी एक खास बटण होतं, छाती धडधडावी तसं. तिला ते आठवलंसुद्धा नाही. समालोचकानं बोलायला श्वास घेतला, तेवढ्यात इंद्रजीत त्याच्या कानात हलकेच म्हणाला, "थांबा. बोलू नका. ताईंना करू द्या."

मग फक्त आरोहीचा श्वास उरला. सरोजिनीनं बाकी पट्ट्या होत्या तिथंच ठेवल्या, कारण गप्प बसलेली अडीच हजार माणसंही ऐकू येत होती. कबड्डी कबड्डी. तळव्यांची चटईवरची चिरचिर. वीस सेकंद. आरोहीनं डाव्या कोपऱ्यातल्या पोरीला पायानं शिवलं, वळली, आणि मधलीनं तिची कंबर धरली. कोपऱ्यातली अंगावर पडली. तिघी एकत्र रेषेपासून दोन हातांवर कोसळल्या. त्या ढिगात श्वास तेवढा चालू होता, चिरडलेला, कबड्डी, कबड्डी, आणि ढीग सरकत होता. चित्रात नुसत्या पाठी. समोर काहीच कळत नव्हतं. पंच वाकून बघत होते.

आणि मागून, उजवीकडून, बायका ओरडल्या.

गाडीतल्या सगळ्यांनी माना वळवून मागं पाहिलं. इंद्रजीतनंसुद्धा. मागे गाडीची भिंत होती. पण गॅलरीखालच्या त्या कोनातून, जिथं एकही कॅमेरा नव्हता, बायकांना पंचांच्याही आधी दिसलं होतं, की ढिगाखालून आरोहीची बोटं रेषेपलीकडे निघाली आहेत. अर्धा सेकंद तो आवाज एकटा होता. मग शिट्टी झाली, दोन गुण, आणि समोरचे, डावीकडचे, पायाशी असलेल्या जाड्याचे, सगळे दरवाजे एकदम उघडले. अठ्ठावीस एकोणतीस. सरोजिनीनं दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले आणि तो आवाज आपल्यावरून जाऊ दिला. त्याला आता तिची गरज नव्हती.

प्रक्षेपण संपल्यावर इंद्रजीत तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "मुंबईहून फोन होता," तो म्हणाला. "विचारत होते, मागचा आवाज कुठून आणला. तो शेवटचा तुकडा कापून ठेवा म्हणाले. पुढच्या हंगामाला डब्यात घालता येईल."

"पुढच्या हंगामाला जिथं सामना असेल तिथली माणसं ओरडतील."

"असंच कळवू?"

"असंच कळवा. आणि मीच येणार असेन तर डबा मुंबईलाच राहील, तेही कळवा."

इंद्रजीतनं मान डोलावली. जाता जाता म्हणाला, "मी खरंच मागं वळून बघितलं हो, ताई." आणि स्वतःशीच हसत गेला.

तिनं पट्ट्या एकेक करून शून्यावर आणल्या, दिवा मालवला आणि गाडीचं जाड दार ढकलून पायरीवर आली. साडेसहाचा पिवळा उजेड होता. हॉल सुटला होता आणि लोक गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहत फाटकाकडे चालले होते, बोलत, भांडत, ती चढाई हातांनी पुन्हा करून दाखवत. एक पन्नाशीची बाई घोळक्यातून थांबली. कडेवर नातू, घसा बसलेला. तिनं गाडीतून निघालेल्या वायरी बघितल्या, सरोजिनीच्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं.

"टीव्हीची मानसं व्हय तुमी?"

"व्हय."

"आमी दिसलो का वो त्यात? त्या गॅलरीखाली बसलतो आमी."

"दिसला न्हाई," सरोजिनी म्हणाली. "तितं कॅमेरा नव्हता. पन ऐकू आलात. समद्या महाराष्ट्राला ऐकू आलात."

बाईनं तिच्याकडं नीट बघितलं, ही थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग नातवाला वर सरकवून घेतलं आणि पुढं गेलेल्या सोबतिणींना त्या बसलेल्या घशानंच जोरात हाक मारली, "ए, थांबा गं. ऐकू आलं म्हनं आपलं समद्यास्नी."